खालच्या ओळीतील एक जागा

टेकचंद,

तुझ्या तेरवीला जे लोक बोलले, त्यांच्यापैकी एकानेही खरे सांगितले नाही. हेतू कोणाचाच वाईट नव्हता, हे मी मान्य करतो. परंतु हेतू चांगला असल्याने असत्याचे सत्य होत नाही. तू असतास तर भिंतीला टेकून मिशीत हसला असतास आणि माझ्याकडे पाहिले असतेस, कारण अशा प्रसंगी उठून उभे राहण्याचे काम आपल्या घरात नेहमी माझ्याकडेच असे. मी उठलोही होतो. तुझ्या बहिणीने, यमुनेने, माझ्या सदऱ्याची कड ओढली. "बसा जी," ती म्हणाली, "आज तरी कोनाशी भांडू नका." तिच्या डोळ्यांकडे पाहून मी बसलो. तिथे बोलायचे राहिले ते इथे लिहितो आहे.

पहिले बोलले परसराम. त्यांच्या नाटक मंडळात तू दिवाळीपासून होळीपर्यंत वर्षानुवर्षे ऑर्गन वाजवलास; बोलण्याचा अधिकार त्यांना होता. पण हाती माईक आला की त्यांच्यातला नट जागा होतो. "टेकचंदभाऊनं मशीनीले जीव देल्ला," ते म्हणाले. "भाऊ गेला, पन मशीन वाजून राहिली. आता थे बंद होऊ द्याची नाई." आणि त्यांनी ती खरोखरच बंद होऊ दिली नाही. दवाखान्यात जाऊन येतो म्हणून तू आपले ते सुरांचे यंत्र चालू ठेवून रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीतून निघालास आणि परतला नाहीस. त्याच दिवशी परसरामांनी मंडळाचा इन्व्हर्टर आणून त्याला जोडला. गावची वीज जाते, येते. यंत्र वाजत राहते. त्याच्यापुढे आता झेंडूची फुले असतात, अगरबत्ती जळते, बाजाराला आलेली माणसे चपला बाहेर काढून आत येतात आणि हात जोडून ऐकतात. अगरबत्तीची राख बटणांच्या फटीत जाते, हे मी एकदा सांगितले, पुन्हा सांगितले. दुसऱ्या वेळी एका बाईने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी देवळात थुंकलो होतो.

दुसरे बोलले तुझे शेजारी, ते लोखंडी सामानाचे दुकानदार. त्यांनी डोळे पुसत सांगितले, "मास्टरजी और टेकचंदजी की तो उस मशीन के पीछे बोलचाल ही बंद थी. आखिर तक." मी हे मान्य करत नाही. आपली बोलचाल एक दिवसही बंद नव्हती. आपले भांडण चालू होते. ज्यांच्यात भांडण चालू असते त्यांच्यात बोलणे चालूच असते, एवढा विचार त्या सज्जनांनी करायला हवा होता. मी दर आठवड्याला सौंदडहून पॅसेंजरने गोंदियाला येत असे, ते काय तुझ्या तोंडाकडे मुकाट पाहत बसायला?

तिसरे असत्य असे की तुला हे सारे तुझ्या लेकीने, वर्षाने, शिकवले. पोरगी हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्सच्या कामावर आहे. सुटे भाग तिने पाठवले, हे खरे. ती स्वतः मात्र असा दावा करत नाही. बापाच्या कौतुकात लेकीचे कौतुक मिसळले की सभेला बरे वाटते, म्हणून ते बोलले गेले. तू ते कुठे शिकलास ते मला ठाऊक आहे, कारण तेव्हा दोरीचे दुसरे टोक माझ्या हातात होते. त्याकडे येतोच.

आधी आजची अडचण सांगतो. वर्षा रविवारी परत जाते आहे. खोली सोडायची आहे, आणि यंत्र तिला सोबत न्यायचे आहे. न्यायचे तर वायरी काढाव्या लागतील. आणि वायरी काढल्या की आज जे वाजते आहे ते संपेल, पुन्हा कधीही तसेच वाजणार नाही. परसराम म्हणतात, "खोलीचं मी पाहतो, मशीन जागेवरून हालवू नका." वर्षाने आत्याच्या यजमानाला, म्हणजे मला, विचारले, "फुफाजी, काढू का राहू देऊ? तुमी सांगसान तसं." मला विचारले, कारण त्या बटणांना तुझ्याखेरीज आणखी एकाच माणसाचे बोट लागले होते.

तुझ्या यंत्राचे वर्णनही त्या सभेत कोणाला धड करता आले नाही. कोणी त्याला संगणक म्हणाले, कोणी डीजेचा सेट. म्हणून ते मीच करतो. चुकले तर सांग. लाकडी चौकटीत बसवलेले पुष्कळ धातूचे डबे. एका डब्यात सूर जन्मतो, दुसऱ्यात त्याला धार किंवा मऊपणा येतो, तिसऱ्यात तो लांबतो. कोणता डबा कोणाशी बोलणार हे वायर ठरवते. वायर काढून दुसरीकडे खोचली की गाणेच बदलते. त्याला मोड्युलर सिंथेसायझर म्हणायचे. आणि सगळ्यांच्या पुढे ती पाटी: आठ ओळी, प्रत्येक ओळीत सोळा लहान चौकोनी बटणे. बटण दाबले की त्यात दिवा लागतो. उजेडाचा एक उभा पट्टा पाटीवरून डावीकडून उजवीकडे चालत जातो. वाटेत जिथे जिथे पेटलेले बटण लागेल, तिथे त्या ओळीचा आवाज उठतो. शेवटाला पोचला की पुन्हा पहिल्यापासून. तू त्याला सिक्वेन्सर म्हणायचास. मी बांधी म्हणायचो, धानाच्या खाचराला म्हणतो तसे, आणि मी ठेवलेले नाव तुला आवडले होते, हे तू कबूल केले नाहीस तरी मला कळले होते.

बांधी म्हणालो ते उगीच नाही. माझ्या शेतात मी धानाची लावणी, आपला रोवणा, चौफुलीवर केला, ते साल तुला आठवते? दोन्ही बाजूंनी सारखे अंतर, दोरीला गाठी, प्रत्येक गाठीशी एकच कोवळे रोप. गावातला एकही माणूस हसल्याशिवाय बांधाच्या धुऱ्यावरून गेला नाही. दोरीचे एक टोक मी धरले, दुसरे तू. तुझे गोंदियाचे दुकान बंद ठेवून तू आला होतास. रोवणाऱ्या बायांची पुढारी सायत्राबाई. तिने पऱ्ह्यातल्या रोपांची जुडी हातात घेतली, दोरीकडे पाहिले आणि मला विचारले, "मास्तर, धान का शाळेत शिकून राहिलं का, लाइनीत उभं राहाले?"

बाया रोवता रोवता गाऊ लागल्या, आणि तिथे माझे बिनसले. मी ठरवून दिले होते की गाण्याची ओळ संपली की दोरी सरकवायची. पण गाण्याची ओळ आखूड आणि दोरी लांब. ओळ कधी दोरीच्या मध्यावर संपे, कधी शेवटून तिसऱ्या गाठीवर. पुढच्या खेपेला आणखी कुठे. मी ओरडू लागलो, "थांबा, आधी दोरी, मग गाणे!" सायत्राबाईने कमरेवर चिखलाचा हात ठेवला. "गानं आमचं, दोरी तुमची. दोघाईचं लगन कायले लावून राहिले, मास्तर?"

तू इतका हसलास की तुझे टोक चिखलात पडले. ते उचलून तू पुन्हा धरलेस, पण मग तुझे दोरीकडे लक्ष नव्हते. तू मान तिरपी करून ऐकत होतास. दिवस मावळताना धुऱ्यावर पाय धुताना म्हणालास, "भाऊजी, त्या बाया दिवसभर एकच गानं म्हनून राहिल्या, पन एकदाही थे सारखं नाई झालं. कोनत्या रोपावर कोनता शब्द पडंल, थे कोनालेच ठाव नव्हतं." मी म्हणालो, "याला गोंधळ म्हणतात." तू म्हणालास, "नाई जी. याले कायतरी दुसरं म्हनत असतीन."

त्या 'दुसऱ्या'ला नाव मिळायला तुला कितीतरी वर्षे लागली. घरी इंटरनेट आले, दुकानात दुरुस्तीला येणारे रेडिओ आणि टीव्ही कमी झाले, परदेशातील माणसे असली यंत्रे जुळवतात हे तुला दिसले. पण पाटी पहिल्यांदा पेटली त्या दिवशी तू मला काय दाखवलेस? वरच्या ओळीचा फेरा तू सात घरांतच तोडला होतास आणि खालच्या ओळीचा सोळा घरांचा ठेवला होतास. दोन्ही एकाच वेळी सुरू केल्यास. वरचा सूर दर फेरीला खालच्या निराळ्याच घरावर येऊन पडू लागला. "वरती सायत्राबाईचं गानं," तू म्हणालास, "खालती तुमची दोरी. ऐका." म्हणून मी म्हणतो की तू हे हैदराबादकडून शिकला नाहीस, सौंदडच्या चिखलात शिकलास. यावर कोणाला वाद घालायचा असेल तर मी घरीच असतो.

आता आपले भांडण.

मी ढोलकी वाजवणारा माणूस. ताल म्हणजे घर, आणि सम म्हणजे घराचा उंबरठा, अशी माझी समजूत. ती आजही बदललेली नाही. तुझे यंत्र वाजे तेव्हा मला उंबरठा सापडत नसे. शिवाय एका डब्यात तू नाणेफेक बसवली होतीस: बटणाची ठिणगी आली की तो डबा आपल्या मनाने ठरवी, पुढे जाऊ द्यायची की नाही. सूर वर जावा की खाली, हेही तू अर्धे यंत्रावर सोपवले होतेस. मी म्हणालो, "ज्याचे पुढचे पाऊल वाजवणाऱ्यालाच ठाऊक नाही, त्याला संगीत म्हणता येत नाही. याला सम नाही." तू वायर खोचता खोचता म्हणालास, "सम हाये, भाऊजी. पन थे पाव्हन्यासारखी येते, मास्तरासारखी नाई." आणि मी बोटांवर मात्रा मोजू लागलो की तुझा तो टोमणा ठरलेला: "तुमी ऐकून राहिले का मोजून राहिले?"

मी उत्तर देत असे, "मोजून." अभिमानाने देत असे.

तेरवीच्या सभेत आणखी एक गोष्ट कुजबुजली गेली. ती माझ्या कानापर्यंत येऊ नये अशी काळजी घेतली गेली होती, पण माझे कान शाबूत आहेत. कोणीतरी म्हणाले, मास्तरांचा हात गेल्यावर टेकचंदने दया करून त्यांना त्या मशीनवर बसवले. दया! हा शब्द मी तुला चिकटू देणार नाही.

हात गेला हे खरे. उजवा हात थरथरू लागला. आधी चहाच्या पेल्यात दिसले, मग भजनात. एका एकादशीला माझी थाप पडायची तिथे पडली नाही. क्षणभर सगळे भजन हवेत लटकले, आणि टाळकऱ्यांनी सावरून घेतले. कोणी एक शब्द बोलले नाही. ते न बोलणेच मला सहन झाले नाही. घरी येऊन ढोलकी खुंटीला टांगली ती टांगली. यमुनेने वर्षभर तिच्यावरची धूळ पुसली. तू मात्र आलास आणि खुंटीकडे बोट दाखवून सरळ विचारलेस, "हे काऊन टांगून राहिली?" मी हात पुढे केला आणि थरथरू दिला. तू पाहिलास. चुकचुकला नाहीस. म्हणालास, "मंग गोंदियाले चला. बटनाले थरथर समजत नाई."

ही दया असते का? हा हुकूम होता.

गेलो तेव्हा पाटीची सर्वांत खालची ओळ तू रिकामी ठेवली होतीस. पहिल्या बटणावर माझे बोट तू नेऊन ठेवलेस. दाबले, दिवा लागला, आणि उजेडाचा पट्टा तिथून गेला तेव्हा खोलीत एक थाप उमटली. ती ढोलकीची थाप होती. मी तुझ्याकडे पाहिले. "तुमचाच हात हाये," तू म्हणालास. "नव्व्यान्नवचा."

गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षीच्या दवनीवाड्याच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या त्या जत्रेत, तुझ्या गावी, मी दंडारीच्या नाचगाण्याला ढोलकी वाजवली होती. दुपारची वेळ, चिंचेखाली गर्दी. तू नवा टेपरेकॉर्डर आणला होतास आणि माझ्या ढोलकीजवळ उकिडवा बसून माईक धरला होतास. दंडार सुरू होण्याआधी मी ढोलकी लावून पाहत होतो, एकेक थाप देऊन थांबत होतो. तुझा चेहरा लाल झालेला पाहून मी विचारले, "काय झाले रे?" मी थांबल्यावर तू मोठा श्वास सोडलास. "माईक धरनाऱ्यानं दम धरा लागते, भाऊजी. नाईतर कॅसेटीत वाजवनाऱ्याच्या जागी धरनाराच येते." ती कॅसेट तू जपून ठेवली होतीस. त्यातून एकच थाप कापून तू यंत्रात घातलीस. माझ्या धडधाकट हाताची थाप, माझ्या थरथरत्या बोटाखाली.

मी त्या दिवशी तुला धन्यवाद दिले नाहीत. सोळाही बटणे दाबली. ओळ संपूर्ण भरली. एक घर रिकामे ठेवले नाही.

त्यानंतर तू ते यंत्र एकदा लोकांपुढे नेलेस, आणि त्याबद्दलही चुकीची हकीकत गावभर आहे. मंडईतच, दुपारच्या दंडारीआधी, तुझ्याच गावात. तू वायरी जोडल्यास, पाटी पेटली, खालून माझी थाप आणि वरून तुझे ते ठरलेले-न ठरलेले सूर निघू लागले. लोक वाट पाहत उभे. थोड्या वेळाने गर्दीतून कोणीतरी ओरडले, "अबे टेकचंद, टेस्टिंग किती करतं? गानं सुरू कर ना!" हशा पिकला. लोक सांगतात की तू अपमानाने घरी गेलास आणि पुन्हा चारचौघांत यंत्र काढले नाहीस. साफ खोटे. तू माझ्याकडे आलास तो उजळलेल्या चेहऱ्याने. "भाऊजी, तो चहावाला पाहा." चहावाला एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात चहा ओतून गार करत होता, त्याचा हात माझ्या थापेवर वर-खाली होत होता, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. "त्यानं ऐकलं," तू म्हणालास. "त्याले ठाव नाई, पन त्यानं ऐकलं." पुन्हा यंत्र काढले नाहीस, कारण तुला हवे होते ते मिळाले होते. अपमान मला झाला होता. त्या ओरडणाऱ्याला मी नंतर गाठून सुनावलेही.

आणि मग ते शेवटचे भांडण, जे तुझ्या जाण्याने अर्ध्यावर राहिले.

तुला माझ्या ओळीत एक जागा रिकामी हवी होती. एकच. समेच्या आधीचे घर. रोवणा झाल्यावर काही रोपे मरतात, ओळीत जागा पडतात; त्यांना नांगे म्हणतात, आणि शहाणा शेतकरी आठवड्यात नवी रोपे आणून ते भरतो. हे तुला माहीत असूनही तू म्हणालास, "एक नांगा राहू द्या ना, भाऊजी. सारी बांधी कायले भरता? थाप पडली की तिच्यावर दुसरी पडते. पहिलीले संपूच देत नाई तुमी."

मी म्हणालो, "नांगा ठेवणे हे आळशी माणसाचे काम आहे."

तू म्हणालास, "एक फेरी ठेवून पाहा. नाई पटलं तं भरा."

मी नाही म्हणालो. पुढच्या आठवड्यात तू पुन्हा विचारलेस, पुन्हा नाही. तुला कारण सांगितले नाही, ते आता सांगतो. माझ्या थापेत एकदा नांगा पडला होता, एकादशीला, सगळ्यांदेखत. त्या दिवसापासून रिकामे घर म्हणजे माझा उतरलेला हात. ज्या ठिकाणी माझा हात पुन्हा कधी चुकणार नव्हता, तिथे तू मला चूक पेरायला सांगत होतास. ती चूक नव्हे, असे तुझे म्हणणे. तू शेवटी हात झटकून म्हणालास, "ओळ तुमची हाये. मी नाई हात लावनार." आणि लावला नाहीस. यंत्र तुझे, खोली तुझी, बोट उचलून एक बटण दाबायचा अवकाश. तरी तू माझ्या ओळीला कधी हात लावला नाहीस. याची आठवण येते तेव्हा मी खुर्चीतून उठून अंगणात जातो.

इथवर परवा लिहिले होते. काल दुपारी मी खोलीवर गेलो. वर्षा होती, परसराम होते, फुले होती. मी अगरबत्ती विझवली.

"मास्तर, हात नोका लावू जी," परसराम म्हणाले. "भाऊची अखेरची रचना हाये थे."

"ही रचना नाही, परसरामजी. हे अर्धे भांडण आहे. आणि टेकचंदने कोणती रचना कधी जपली? मंडळाचा हंगाम संपवून घरी आला की यंत्राच्या सगळ्या वायरी स्वतः ओढून काढायचा. विचारले तर म्हणायचा, कापनी झाली, बांधी खाली करा. तुम्ही त्याच्या उभ्या धानाला कापणी नाकारता आणि त्याला भक्ती म्हणता."

"तुमी तं त्याले संगीतच म्हनत नव्हते," परसराम म्हणाले. घाव बरोबर बसला. माणूस नट असला तरी मूर्ख नाही.

"नव्हतो म्हणत," मी म्हणालो. "म्हणूनच ते काय आहे हे मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तुम्ही हात जोडलेत; मी वर्षानुवर्षे त्याच्याशी भांडलो. खालची ओळ माझी आहे, तिला तरी मी हात लावणारच."

ते खुर्ची ओढून बसले. वर्षा पुढे झाली. तिने झेंडूची फुले बाजूला सारून पाटी पुसली.

मी खाली वाकलो. समेच्या आधीच्या घरावर बोट ठेवले. थरथरत होते. बटणाला थरथर समजत नाही. दाबले, दिवा विझला.

उजेडाचा पट्टा चालत आला. थाप, थाप, थाप. आणि मग त्या रिकाम्या घरापाशी आधीच्या थापेवर काहीच पडले नाही. ती लांबत गेली. चामड्याचा झंकार, लाकडाचा घुमारा, मग नुसती हवा. माझी थाप विझताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकली, टेकचंद. वाजवणाऱ्याला ती कधी ऐकू येत नाही. त्याचा हात पुढच्या थापेकडे निघालेला असतो. आणि झंकाराच्या अगदी शेवटी, सम यायच्या निमिषभर आधी, कोणीतरी रोखलेला श्वास सोडला.

मी दुसरी फेरी ऐकली. तिसरी. दर वेळी त्याच ठिकाणी.

वर्षाला मी आडून विचारले, "त्या थापेच्या शेवटी काय आहे ग?" तिने कान दिला. "टेपची खरखर आहे, फुफाजी. जुनी कॅसेट ना." मी हे मान्य करत नाही. तिचे शिक्षण मोठे आहे, यंत्रे तिला कळतात. पण चिंचेखाली तुझा चेहरा लाल झालेला तिने पाहिला नव्हता, मी पाहिला होता. तो श्वास तिथे आहे, हे तुला ठाऊक होते म्हणून तू ती जागा मागत होतास, की तुला नुसती जागाच हवी होती? हे आता मला कोण सांगणार? तू असतास तरी सरळ सांगितले नसतेस.

किती फेऱ्या झाल्या ते माहीत नाही. परसराम खुर्चीत डोळे मिटून बसले होते आणि त्यांचा पाय हलत होता. मग मी वर्षाला म्हणालो, "काढ." वरच्या ओळीपासून तिने एकेक वायर ओढली, आधी सायत्राबाईचे गाणे गेले, मग तुझे ते नाणेफेकीचे सूर, मग लांबलेला खर्ज. अखेरीला खालची ओळ एकटी राहिली. ती वायर मी काढली.

परसरामांनी आपला इन्व्हर्टर सोडवला आणि फुलांची परडी उचलली. दारातून वळून म्हणाले, "समेच्या आधी थे जागा बरी वाटून राहिली होती, मास्तर." मी हातातली वायर गुंडाळू लागलो. ज्या गोष्टीसाठी तुझ्याशी इतके दिवस भांडलो, ती त्यांच्यापुढे कबूल करायची मला गरज नव्हती.

वायरींची गुंडाळी करता करता वर्षाने मान वर न करता विचारले, अगदी तुझ्याच आवाजात, "फुफाजी, एवढा वेळ तुमी ऐकून राहिले होते का मोजून?"

"मोजून," मी म्हणालो.

तिला तेच ठाऊक राहू दे. तुला खरे कळावे म्हणून हे लिहिले.